पाचव्या सेलची किंमत

जुलै महिना म्हणजे आमच्या धंद्यातली लग्नसराई. २०२४ च्या जुलैत, आयकराचं रिटर्न भरायची मुदत संपायला आठ-दहा दिवस उरले असताना, शेजारच्या काकूंकडे कॉट बेसिसवर राहणारी एक मुलगी माझ्या नळस्टॉपजवळच्या ऑफिसात आली. बार्शीची, बीकॉम झालेली, वय सत्तावीस. "काका, एकच फॉर्म सोळा आहे, पाच मिनिटांचं काम," असं म्हणून ती बसली आणि उठली अडीच तासांनी.

फॉर्म सोळा, म्हणजे पगाराचा आणि त्यावर कापलेल्या कराचा मालकाने दिलेला दाखला, खरंच एकच होता. महिना १८,०००, वर्षाचे २,१६,०००. पण आयकराच्या पोर्टलवर एआयएस, म्हणजे वर्षभरात आपल्याला कुणी किती दिलं याची खात्याकडची नोंद, उघडलं तर तिथे वेगळ्याच एका संस्थेने कलम १९४एच खाली, म्हणजे कमिशन म्हणून, ४,०४,००० रुपये दाखवले होते. पगाराच्या जवळजवळ दुप्पट. त्यावर ५ टक्क्यांनी २०,२०० रुपये टीडीएस कापलेला.

"हे काय गं?"

"ते इन्सेंटिव्ह. पण काका, एवढे मला मिळालेच नाहीत."

टाइमशेअर, म्हणजे एकदा पैसे भरून दरवर्षी काही दिवस रिसॉर्टात सुट्टीला राहायची सदस्यता, विकणाऱ्या एका विक्री एजन्सीत ती 'हॉलिडे कन्सल्टंट' होती. पदनामात 'सेल्स' हा शब्द नाही, कार्डावर नाही, ऑफर लेटरवरही नाही. तिचं वर्षभराचं पगारपत्रक, इन्सेंटिव्हचा तक्ता आणि बँकेचं पासबुक यांवरून हे प्रकरण मांडतो आहे. तिने परवानगी दिली आहे. ओळख पटू नये म्हणून आकडे एका ठरावीक प्रमाणात बदलले आहेत; त्यांचं एकमेकांशी नातं आहे तसंच आहे. एजन्सीचं नाव देत नाही. भारतात हा धंदा ऐंशीच्या दशकात आला, स्टर्लिंग १९८६ मध्ये, महिंद्र हॉलिडेज १९९६ मध्ये उभी राहिली. हे प्रकरण त्या दोघांपैकी कुणाचं नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

तीन मालक, एक मुलगी

रिसॉर्ट एका कंपनीचे. पुण्यात सदस्यता विकायचं कंत्राट दुसऱ्या एजन्सीकडे. आणि या मुलीला कामावर ठेवलं होतं तिसऱ्याच मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीने. ठरलेला पगार ती तिसरी कंपनी देई, इन्सेंटिव्ह ती दुसरी. जिच्या नावाने ती दिवसभर बोलायची, त्या पहिल्या कंपनीकडून तिला आजवर एक रुपया आलेला नव्हता.

याचा परिणाम कागदावर असा होतो की बारा महिने एकाच खुर्चीत बसून केलेल्या एकाच कामाचे दोन तुकडे पडतात. एकाच मालकाने दिलं असतं तर इन्सेंटिव्हही पगारातच मोजलं गेलं असतं. इथे ते धंद्याचं उत्पन्न झालं. म्हणजे साधा आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-३ भरायचा. छोट्या धंदेवाईकाला कलम ४४एडीची जी सोय होती, ठोक टक्के नफा दाखवा आणि हिशेबाच्या वह्यांतून सुटा, ती कमिशन कमावणाऱ्याला मिळत नव्हती. कलमातच त्याला वगळलं होतं. म्हणजे खर्चाची एकेक पावती शोधणं आलं. भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्यातही 'मूळ वेतना'त कमिशन धरत नसत. त्यामुळे पीएफ कापला जायचा तो त्या अठरा हजारांतल्या बेसिकवरच. नोकरीची जाहिरात मात्र 'अमर्याद कमाई' अशी होती.

टेबल कसं भरतं

आधी शब्द सांगतो, कारण पुढे तेच लागतील. हे शब्द अमेरिकेतून, ऑरलँडो-लास वेगासच्या विक्री हॉलमधून आले आहेत आणि बाणेरच्या हॉटेलातल्या बँक्वेट हॉलमध्ये जसेच्या तसे वापरले जातात. समोर येऊन बसलेलं जोडपं म्हणजे 'टूर'. पहिल्यांदा बोलणारी व्यक्ती 'कन्सल्टंट'. ती अडली की येणारा वरिष्ठ 'टीओ', टेकओव्हरचा संक्षेप. आगाऊ भरलेली रक्कम 'डीपी'.

मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर लकी ड्रॉचं कूपन भरून घेणारा मुलगा आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. त्याला कूपनामागे काही मिळत नाही. कूपनवरचं जोडपं खरंच हॉलमध्ये येऊन बसलं आणि 'क्वालिफाय' झालं, तर या एजन्सीत त्याला ३०० रुपये. फोन करणाऱ्या टेलिकॉलरला २५०. क्वालिफाय म्हणजे लग्न झालेलं, ठरावीक वयातलं, खिशात क्रेडिट कार्ड असलेलं, आणि दोघंही हजर. एकटा नवरा आला तर मुलाला शून्य, टेलिकॉलरला शून्य.

फोनवरची ती बाई "सर, मॅडमपण येणार ना नक्की?" असं तीनदा का विचारते, याचं उत्तर इथे आहे. आणि हा नियम तरी का? तर एकट्या नवऱ्याने घेतलेली सदस्यता घरी गेल्यावर बायको रद्द करायला लावते, किंवा उलट. हॉलमध्ये पाळला जाणारा जवळजवळ प्रत्येक विचित्र रिवाज कुणाच्या तरी पगारपत्रकातल्या एका ओळीतून आलेला आहे. मला हे कळायला पंचावन्न वर्षं लागली, कारण आजवर मी या टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाच बसत आलो होतो. (दोनदा गेलो आहे. एकदा टोस्टर मिळाला.)

आलेली टेबलं कुणाला द्यायची हेही आकड्यावर ठरतं. एकूण विक्री भागिले एकूण टेबलं, याला ते 'व्हीपीजी' म्हणतात. या मुलीने वर्षभरात २६४ टेबलं केली, ३३ सेल लावले, म्हणजे ३३ सदस्यता विकल्या. आठांत एक. प्रत्येक सदस्यता सरासरी चार लाखांची, म्हणून व्हीपीजी बरोबर ५०,०००. ज्याचा व्हीपीजी वर, त्याला दिवसातलं पहिलं आणि ताजं टेबल. ज्याचा खाली, त्याला संध्याकाळी पावसात अडकून आलेलं, फक्त गिफ्ट व्हाउचर घ्यायला आलेलं. म्हणजे ज्याचं चांगलं चाललं आहे त्याचं आणखी चांगलं चालतं, आणि घसरायला लागला की घसरतच जातो. ती म्हणाली, "दोन रविवार खराब गेले की तिसरा खराबच जातो काका. टेबलच तसं येतं."

तक्ता

इन्सेंटिव्हचा तक्ता एका पानाचा होता. मी आधी तो घाईत वाचला आणि चुकीचा समजलो. मग पेन घेऊन वाचला.

महिन्याची विक्री जीएसटी सोडून मोजायची. म्हणजे ग्राहक ४,७२,००० भरत असला तरी मोजायचे ४,००,०००. वरचे बहात्तर हजार सरकारचे. महिन्याला तीनपेक्षा कमी सेल: इन्सेंटिव्ह शून्य. हॉलमध्ये म्हणतात, "पहिले दोन पगाराचे." तीन किंवा चार सेल: सगळ्या विक्रीवर ३ टक्के. पाच किंवा जास्त: सगळ्या विक्रीवर ५ टक्के.

'सगळ्या विक्रीवर' या शब्दांत सगळी मेख आहे. आयकराच्या स्लॅबमध्ये वरचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो. इथे उंबरठा ओलांडला की वरचा दर पहिल्या रुपयापासून लागतो. आता गणित करा. चार सेल म्हणजे सोळा लाख, त्यावर ३ टक्के, ४८,०००. पाच सेल म्हणजे वीस लाख, त्यावर ५ टक्के, १,००,०००. पाचव्या सेलने एकट्याने ५२,००० आणले. चौथ्या सेलने आणले होते १२,०००.

जिन्नस तोच, किंमत तीच, टेबल तेच. पण महिनाअखेर त्या मुलीच्या समोर बसलेलं पाचवं जोडपं तिच्यासाठी सदस्यतेच्या किमतीच्या १३ टक्के मोलाचं असतं आणि त्याच्या आदल्या दिवशीचं चौथं ३ टक्के. त्या जोडप्याला याची कल्पना नसते. त्यांना एवढंच दिसतं की ही मुलगी फार मनापासून बोलते आहे.

टीओचं तसं नाही. त्याला संपूर्ण टीमच्या विक्रीवर २ टक्के ठोक, त्याच्यावरच्या व्हेन्यू मॅनेजरला १ टक्का. त्यांचा उतार सपाट आहे, हिच्याच वाटेत कडा आहे. अमेरिकेत तर कित्येक ठिकाणी पगारच नसतो. 'ड्रॉ' म्हणून आगाऊ उचल देतात आणि ती पुढच्या कमिशनमधून वळती करतात. तिथल्या विक्रेत्यांनी ओव्हरटाइमसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या आहेत, कारण कंपनीच्याच हॉलमध्ये बसून विकणारा माणूस फिरत्या सेल्समनच्या सवलतीत (त्याला ओव्हरटाइम द्यावा लागत नाही) बसवता येतो का हा प्रश्न येतो. आमच्या प्रकरणात निदान अठरा हजार ठरलेले होते.

तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी दोन अटी. पहिली: किमान २५ टक्के डीपी आला तरच सेल धरायचा, आणि इन्सेंटिव्हची निम्मी रक्कम पुढच्या महिन्यात, उरलेली निम्मी ग्राहकाचे तीन हप्ते भरले गेल्यावर. या अडकवलेल्या रकमेला 'होल्डबॅक' म्हणतात. दुसरी: सहा महिन्यांच्या आत सदस्यता रद्द झाली, कारण काहीही असो, तर तो सेल त्या महिन्यात नव्हताच असं धरून पुन्हा हिशेब. याला ती "रिकव्हरी लागणं" म्हणते, जशी ताप येणं किंवा दृष्ट लागणं.

'नव्हताच असं धरून' ही अट कड्याच्या तक्त्याला जोडली की काय होतं ते ऑगस्टमध्ये दिसलं होतं. तीन सेल होते, ३६,००० जमा दाखवलेले. त्यातला एक रद्द झाला. उरले दोन, आणि दोन म्हणजे शून्य. एका माणसाने मन बदललं आणि इतर दोघांना विकल्याचे पैसेही गेले, त्या दोघांनी तर काहीच केलं नव्हतं.

३१ मार्च, रविवार

मार्च २०२४ चा शेवटचा दिवस रविवारी आला. या धंद्यात रविवार म्हणजे बाजाराचा दिवस, त्यात महिनाअखेर, त्यात आर्थिक वर्षाची अखेर. पाडवा नऊ दिवसांवर, म्हणून 'पाडवा प्री-बुकिंग ऑफर'चे बॅनर लागलेले. सकाळपर्यंत हिचे चार सेल झालेले.

संध्याकाळी साडेपाचला चिंचवडचं एक जोडपं बसलं. तो एका वाहन कारखान्यात सुपरवायझर, ती शिक्षिका, दोन मुलं, धाकटा हॉलमधल्या फुग्यांमागे. ही मुलगी त्यांच्या समोर नाही बसली. टेबल गोल असतं आणि कन्सल्टंटने दोघांच्या मधली खुर्ची घ्यायची, असं प्रशिक्षणातच सांगतात. पहिला तास विक्री नसतेच. मागच्या वर्षी कुठे गेलात, हॉटेलला किती लागले, मुलांना काय आवडलं. हे आकडे ती एका कागदावर मांडत जाते, मग दरवर्षी थोडी महागाई धरून दहा वर्षांची बेरीज करते, आणि ती बेरीज नेहमीच सदस्यतेपेक्षा मोठी येते. तिने मला तो कागद भरून दाखवला. माझी बेरीज सात लाखांवर गेली, आणि आम्ही दरवर्षी कोकणात मेहुण्याकडे जातो.

किंमत सांगितली ५,२०,०००. तो म्हणाला, "विचार करून सांगतो." पुणेरी माणूस 'नाही' असं क्वचितच म्हणतो, विचार करून सांगतो. टीओ आला. "सर, मॅडम, तुम्ही लोक जेन्युइन वाटलात म्हणून," असं म्हणत कंपनीशी बोलल्यासारखं करून ४,००,००० वर आला, फक्त आजच्या दिवशी. डीपी १,१८,०००, उरलेले ३,५४,००० चोवीस हप्त्यांत, महिना १४,७५०.

तो कार्ड काढायला तयार झाला होता. बाईंनी एक प्रश्न विचारला.

"मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत, महाबळेश्वर मिळेल ना?"

"मिळेल की मॅम! फक्त आधी बुक करायचं."

आता, या सदस्यता हंगामाप्रमाणे विकतात. वरच्या दर्जाच्या सदस्यतेत मे महिना आणि दिवाळी येते. ती लाख-दीड लाखांनी महाग असते. चिंचवडच्या जोडप्याला विकली ती मधल्या हंगामाची. तिच्यावर मे महिन्यात महाबळेश्वर मिळू शकतं, पण वरच्या दर्जाच्या सदस्यांनी बुकिंग करून खोल्या उरल्या तर. मे महिन्यात महाबळेश्वरात उरत काय असेल ते पुणेकराला सांगायला नको.

"मी खोटं नाही बोलले काका," ती मला म्हणाली. "उरली तर मिळतेच."

"तू 'मिळेल' म्हणालीस का 'मिळेल की' म्हणालीस?"

ती गप्प बसली. मराठीत या एका 'की'त केवढं वजन आहे! 'मिळेल' ही शक्यता, 'मिळेल की' हा शब्द दिल्यासारखं. त्या संध्याकाळी त्या 'की'ची किंमत बावन्न हजार रुपये होती आणि तिला ती माहीत होती, समोरच्यांना नव्हती.

तरी शेवटचं घोडं अडलं पहिल्या वर्षाच्या देखभाल फीवर. सदस्यतेशिवाय दरवर्षी वेगळी भरायची ती, १४,०००. हे ऐकल्यावर नवऱ्याने कार्ड परत पाकिटात ठेवलं. तेव्हा पावणेआठ वाजलेले, हॉलमधले दिवे निम्मे बंद झालेले. ती हळूच म्हणाली, "पहिल्या वर्षाची फी माझ्याकडून." आणि जागेवर यूपीआयने त्यांच्या खात्यात १४,००० टाकले. एजन्सीच्या नियमात हे बसत नाही, पण सगळे करतात, आणि टीओ त्या वेळी फोनवर बोलायला बाहेर जातो. चौदा टाकून बावन्न मिळवायचे, यात चूक काय, असं तिचं गणित. डीपी स्वाइप झाला. सेल लागला की हॉलमध्ये घंटा वाजवतात, वाजवली. उरलेल्या आठ-दहा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मे

पुढचं सांगायला फार नाही. जोडप्याने एप्रिलमध्ये महाबळेश्वरसाठी फोन केला, खोली नाही. लोणावळा सुचवलं. पुन्हा फोन केला, जून चालेल का असं विचारलं. शाळा जूनला सुरू होते.

करारात रद्द करायला दहा दिवसांची मुदत होती, ती एप्रिलच्या दहा तारखेलाच संपली. युरोपीय संघात २००८ च्या निर्देशानुसार ग्राहकाला १४ दिवस मिळतात आणि त्या काळात त्याच्याकडून आगाऊ पैसे घ्यायलाच बंदी आहे. फ्लोरिडात कायद्याने १० दिवस. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही. करारात कंपनीने दिली ती मुदत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मात्र लागू होतोच, आणि दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येतं. ज्या शहरात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तिथे एखाद्या सुपरवायझरचा मेव्हणा कायदा जाणणारा निघणं अजिबात नवल नाही. दोन पानी नोटीस गेली. 'विक्रेत्या प्रतिनिधीने मे महिन्यात उपलब्धतेची हमी दिली' हे वाक्य ठळक होतं. कंपनीने थोडी कपात करून पैसे परत केले आणि सदस्यता रद्द केली. मे अखेर.

मार्चचा हिशेब पुन्हा झाला. पाचाचे चार. एक लाखाचे अठ्ठेचाळीस हजार. तिला निम्मे म्हणजे ५०,००० एप्रिलमध्ये मिळून गेले होते (टीडीएस कापून हातात ४५,०००, टीडीएस मार्चअखेर पूर्ण लाखावरच, ५,००० कापलेला). त्यामुळे होल्डबॅकचे पन्नास हजार गेले आणि वर २,००० देणं निघालं. शिवाय यूपीआयचे चौदा हजार. ते परत मागायची तिची हिंमत झाली नाही, आणि मलाही 'माग' असं म्हणवेना.

ते दोन हजार जूनच्या पगारातून कापले गेले. आणि हीच एक गोष्ट होती जिच्यात मला काही करता आलं.

इन्सेंटिव्ह दिलं एजन्सीने. पगार देते मनुष्यबळ कंपनी. जिने दिलंच नाही ती कापणार कशी? चोवीस हजारांपर्यंत पगार असलेल्यांना वेतन प्रदान कायदा, १९३६ लागू होता, आणि त्याच्या कलम ७ मध्ये पगारातून काय काय कापता येतं त्याची यादी होती. आपण दिलेली उचल मालक कापू शकत होता, अशा दुसऱ्या एजन्सीचं येणं वसूल करण्याचं कलम तिथे नव्हतं. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा वेतन संहितेत सामावला गेला. कपातींची यादी तिथेही आहे.) मी पाच ओळींचं पत्र लिहून दिलं, तिने ते मनुष्यबळ कंपनीच्या एचआरला मेल केलं. जुलैच्या पगारात २,००० परत आले, उत्तर मात्र आलं नाही. होल्डबॅकचे पन्नास हजार एजन्सीच्या तक्त्याप्रमाणेच गेले होते आणि तक्त्यावर हिची सही होती. तिथे मी हात टेकले.

एक गोष्ट मात्र मला त्या दिवसांत फार गमतीची वाटली. १ एप्रिल २०१८ पासून इंड-एएस ११५ हे लेखा मानक लागू झालं. त्याआधी सदस्यतेच्या रकमेतला मोठा भाग पहिल्याच दिवशी उत्पन्नात दाखवायची रीत होती. आता ते मानक लागू असलेल्या कंपनीला ती रक्कम सदस्यतेच्या वर्षांवर पसरावी लागते. आणि त्याच मानकाप्रमाणे, करार मिळवण्यासाठी दिलेलं कमिशनही एकदम खर्चात न टाकता मालमत्ता म्हणून ताळेबंदात ठेवून वर्षानुवर्षं थोडं थोडं खर्ची टाकायचं. म्हणजे बार्शीच्या मुलीने लावलेल्या सेलचं कमिशन कुठल्याशा ताळेबंदात दहा वर्षं मालमत्ता म्हणून बसतं. तिच्याकडे ते दोन महिनेही टिकलं नव्हतं.

रिटर्न

उरलं माझं मूळ काम. पगार २,१६,०००, वजा प्रमाणित वजावट ५०,०००. कमिशन एआयएसमध्ये आहे तेवढं, ४,०४,०००, दाखवणं भाग, कारण मार्चच्या रद्द सेलची वजावट पुढच्या आर्थिक वर्षातली. एजन्सीने टीडीएसचं विवरण दुरुस्त केलं नाही, करणारही नव्हती. ऑगस्टचे ३६,००० त्याच वर्षात परत गेले होते, ते वजा. पेट्रोल ४२,०००, कामाच्या दुसऱ्या सिमचं बिल ६,०००. दोन ब्लेझर तिने यादीत लिहिले होते, ते मी खोडले. कपडे धंद्याचा खर्च होत नाहीत, मग ते फक्त हॉलमध्येच घालत असलीस तरी. चौदा हजारांचा यूपीआयचा स्क्रीनशॉट होता, तारीख ३१ मार्च. तो घेतला.

करपात्र उत्पन्न आलं ४,७२,०००.

मी पुन्हा बेरीज केली. तेवढंच. स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिने आकडा लगेच ओळखला, दिवसातून दहा वेळा तोंडाने म्हणायचा आकडा.

"म्हणजे जीएसटी धरून मी एक मेंबरशिप," ती म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसली.

नव्या करपद्धतीत त्या वर्षी सात लाखांपर्यंत कर नव्हता, त्यामुळे टीडीएसचे २०,२०० पूर्ण परत मिळणार होते, आणि सप्टेंबरात मिळाले. वर्षभराची खरी कमाई, दोन्ही रिकव्हऱ्या वजा जाता, पगारासकट ५,३२,०००. महिन्याची सरासरी चव्वेचाळीस हजार, पण सरासरीने भाडं भरता येत नाही: बारांपैकी पाच महिने नुसत्या अठरा हजारांचे होते, ऑगस्ट धरून सहा. टिकलेल्या ३१ सदस्यतांची किंमत १ कोटी २४ लाख. त्यावर तिचं इन्सेंटिव्ह अडीच टक्क्यांच्या आसपास पडलं. तक्त्यावरचा मोठा आकडा पाच टक्के होता.

मी तिला नोकरी सोड असं म्हटलं नाही. बार्शीला घरी पैसे जात होते आणि बीकॉमला पुण्यात याहून बरं काय मिळतं हे मला ठाऊक आहे. एवढंच सांगितलं की एक वही कर: प्रत्येक सेलसमोर हंगाम कोणता विकला आणि ग्राहकाने कुठला महिना विचारला, हे दोन रकाने.

पुढच्या एप्रिलात, रिटर्नला अजून अवकाश असताना, ती पुन्हा आली. वही होती. रद्द झालेल्या सेलसमोर लाल रेघ मारायची तिची पद्धत, आणि त्यातल्या बहुतेक रेघांसमोर ग्राहकाचा महिना मे होता. जवळजवळ सगळ्या महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांतल्या. सोबत नव्या वर्षाचा इन्सेंटिव्हचा तक्ता होता, सहीसाठी आलेला. पाच सेलच्या जागी सहा झाले होते, होल्डबॅक तीनऐवजी सहा हप्त्यांपर्यंत. दर तेच, ३ आणि ५ टक्के, 'सगळ्या विक्रीवर'.

मी कॅल्क्युलेटर ओढला. पाच सेल, वीस लाख, तीन टक्के, साठ हजार. सहा सेल, चोवीस लाख—

"साठ हजार," ती म्हणाली. "आता सहावा साठ हजारांचा."

मी बेरीज पूर्ण केली. बरोबर होतं.

"सही करू ना काका?" तिने विचारलं. पेन तिने आधीच उघडलं होतं.